बंद मोटरीवरचं रीडिंग

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही. ज्या माणसाला सांगायला हवी होती त्याच्या घरी पोटभर जेवून आलो, तरी सांगितली नाही. आता तुम्हाला सांगतोय — आणि तीही मराठीत, जी आमच्या घरात बोलतात पण हिंदीच चालणाऱ्या बालाघाटच्या बाजारात माझं एकही गिऱ्हाईक वाचत नाही. म्हणजे यातसुद्धा थोडी लपवाछपवी आहेच. असो. सुरुवात तर केली.

आधी माझं काम सांगतो. सांगितल्याशिवाय राहवत नाही, हेही खरं. मी पॅनल बनवतो. राइस मिल, आरामशीन, शाळा, दवाखाना — कुठे किती वीज लागेल, खांबावरून आत येणारी मुख्य केबल किती जाडीची हवी, आतमध्ये किती सर्किट करायची, कोणती मोटर कोणत्या ब्रेकरवर, तिन्ही फेजवर वजन सारखं कसं वाटायचं — हे सगळं ठरवणं माझं काम. माझं पॅनल उघडून बघा. प्रत्येक तार काटकोनात वळलेली, प्रत्येक टोकाला नंबर, प्रत्येक ब्रेकरखाली नाव. वडील भरवेलीच्या खाणीत मजूर होते, त्यांच्या पोराचं हे अक्षर आहे. मी पॅनलवर नाव टाकत नाही. टाकायची गरज काय? लोक दार उघडतात आणि म्हणतात, हे सुनीलचं.

म्हणजे गर्व आहे. तो लपवत नाही. लपवलं ते वेगळंच.

अकरा वर्षं झाली. किरनापूरच्या अलीकडे पटलेजींनी नवी राइस मिल टाकली. माझं पहिलं मोठं काम. मी आठवडाभर कागदावर हिशोब केला. मोठी मोटर पंधरा हॉर्सपॉवरची, मग धान वर चढवणाऱ्या लिफ्टची, चाळणीची, पंख्याची. सगळं मिळून चाळीसेक अँपिअर. त्याला दहा नंबरची अॅल्युमिनियम केबल पुरते. नकाशात बिजलीचं मीटर शेडच्या भिंतीला होतं. नंतर लाइनवाल्यांनी ते रस्त्याकडेच्या खोलीत बसवलं. शेडपासून दोनशे मीटर दूर.

केबल निवडताना दोन गोष्टी बघायच्या असतात — करंट किती आणि अंतर किती. तार लांब झाली की वाटेतच व्होल्टेज गळतं. हे मला ठाऊक नव्हतं का? परीक्षेत यावर पूर्ण गुण होते मला! पण हिशोब झालेला होता, कागद पटलेजींना दाखवून झालेला होता, आणि त्यांनी चार लोकांत माझी पाठ थोपटलेली होती. आता परत जाऊन म्हणायचं, की थांबा, पुन्हा मांडतो?

केबल टाकायच्या दिवशी सदाशिवभाऊ तिथेच होते. बालाघाटला बसस्टँडमागे त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. जळलेल्या मोटरीची तार काढून नवी भरायची, वार्निश पाजून सुकवायची — वीस-बावीस वर्षं हेच काम. कागद फारसा कळत नसे, पण मोटरीच्या अंगावर हात ठेवून ती किती दिवस चालेल हे सांगणारा माणूस. त्यांनी खड्ड्यातली केबल पाहिली आणि हळूच म्हटलं, "सुनील, अंतर लय आहे बाबू. जरा जाड टाकली असती तर?"

"हिशोब करूनच टाकून राह्यलो, भाऊ," मी म्हणालो. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

शिकलेल्या पोराशी वाद घालणारे ते नव्हते.

मिल सुरू झाली. धानाचा हंगाम, पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या. आणि मोठ्या मोटरीचा रिले सारखा पडायला लागला — म्हणजे मोटर जास्त करंट ओढू लागली की ती बंद करणारं जे यंत्र असतं, ते आपलं काम करत होतं. पटलेजींचा फोन आला. मी गेलो. मोजमाप केलं नाही. स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि रिलेचा आकडा वर सरकवला. रिले पडायचा थांबला. पंधरा दिवसांत मोटर जळली.

नवी मोटर कशी जळली? मला वाटलं — नाही, मी स्वतःला वाटून घेतलं — की मोटरच खराब निघाली. सदाशिवभाऊंनी ती भरून दिली. बसवली. सगळ्या मशिनी सुरू झाल्या, पटलेजी चहा सांगायला बाहेर गेले, तेव्हा मी एकट्यानं पॅनलवर मल्टिमीटर लावलं.

तीनशे अठ्ठावन्न व्होल्ट.

चारशेच्या वर हवं होतं. मोटर उपाशी चालत होती, आणि उपाशी मोटर जास्त करंट ओढते, तापते, जळते. त्या क्षणी मला सगळं कळलं. केबल बारीक होती. पटलेजी चहा घेऊन आले. मी मीटर पिशवीत टाकलं आणि चहा प्यालो.

वीस दिवसांनी मोटर पुन्हा जळली.

आता इथून पुढचं टाळावंसं वाटतं. पण लिहितो.

पटलेजींनी आम्हा दोघांना बोलावलं. शेडमध्ये हमाल उभे, दोन-तीन शेतकरी आपलं धान घेऊन बसलेले. पटलेजी भले माणूस, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "देखो भाई, दो बार हो गया. गलती किसकी है, बस इतना बता दो."

सदाशिवभाऊ म्हणाले, "एकदा व्होल्टेज पाहून घ्या साहेब."

मी पॅनल उघडलं. सगळ्यांनी आत डोकावून पाहिलं, त्या सरळ तारा, ते नंबर. मी मल्टिमीटर लावलं आणि पटलेजींच्या डोळ्यांसमोर धरलं. चारशे दहा. पूर्ण.

पूर्ण असणारच ना? मोटर जळलेली होती, मिल बंद होती. केबलमधून काही वाहतच नव्हतं, तर गळणार काय? बंद मोटरीवर कुठलीही केबल पूर्ण व्होल्टेज दाखवते. हे त्या शेडमध्ये दोघांनाच माहीत होतं.

"चालू लोडावर मोजा लागते हे," भाऊ म्हणाले.

"जळलेली मोटर चालू कराची कशी, भाऊ? तुमीच सांगा." मी हसून विचारलं. हमालही हसले. मग मी पटलेजींकडे वळलो. "मीटर झूठ नहीं बोलता, साहब. वाइंडिंग कच्ची है."

बोललो. एवढंच ते वाक्य. कोणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही.

सदाशिवभाऊ खाली बसले, मोटरीचं झाकण काढून काळ्या पडलेल्या तारा बोटांनी चाचपत राहिले, बराच वेळ. पटलेजींनी जळलेली मोटर भरायला गोंदियाला पाठवली आणि तोवर चालवायला नवी आणली. ती जळायच्या आत, आठवडाभरातच मी त्यांना सुचवलं, तांदळाला पॉलिश करायची मशीन लावा, लोड वाढेल, त्यासाठी केबल मोठी टाकू. पस्तीस नंबरची टाकली. ती मिल आजही धडधडते. एक मोटर जळली नाही. लोक काय म्हणाले असतील? म्हणाले — गोंदियाची वाइंडिंग चांगली, आणि सुनीलचं पॅनल तर पहिल्यापासून चांगलंच.

त्या पॅनलवर माझं नाव झालं. पटलेजी प्रत्येक पाहुण्याला ते दाखवायचे. आणि सदाशिवभाऊंकडे मिलवाले यायचे बंद झाले, मग शेतपंपवाले. वर्षभरात दुकानाचं शटर उतरलं. ते मुलीकडे मलाजखंडला गेले.

तिथेच ते मला भेटले, चार-पाच वर्षांनी. मी एका ठेकेदाराच्या ऑफिसचं पॅनल लावायला गेलतो. बाजारात त्यांनीच हाक मारली, हात धरून घरी नेलं. मुलगी वंदना, तिनं भात, वरण, वांग्याची भाजी वाढली. जावई शेजारी बसला होता. भाऊ त्याला म्हणाले, "हा आपला सुनील. याचं पॅनल पाहून ये एकदा. जिल्ह्यात नाई असं काम." आणि मला — ऐका — मला आनंद झाला. छाती फुगली. घास हातात होता आणि मी त्या स्तुतीची वाट पाहत होतो, की अजून काही बोलतील.

ते बोलले. "एक गोष्ट मले अजून समजली नाई सुनील. पटलेजीच्या मोटरीत माझं काय चुकलं? वार्निश कच्चं राह्यलं असन काय? लय डाव आठवून पायतो मी."

तेव्हा सांगता आलं असतं. घरात चारच माणसं होतो. हमाल नव्हते, पटलेजी नव्हते. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "होते भाऊ. कोणाच्याबी हातून होते."

मी त्यांना माफ केलं. समजतंय ना तुम्हाला? ज्या माणसाची काही चूक नव्हती त्याला मी माफ केलं, आणि त्यानं कृतज्ञतेनं मान हलवली. वंदनानं मला आणखी भात वाढला.

गेल्या महिन्यात इथल्या वायरमन लोकांनी माझा सत्कार केला. शाल, नारळ, दोन भाषणं. कोणीतरी विचारलं, तुमच्या पॅनलवर कधी मोटर जळली का? मी म्हणालो, "एकही नाही." टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या मला आवडल्या, हेही लिहून ठेवतो. काम चांगलं करतो म्हणूनच आवडल्या. त्या मिलीनंतर मी एकही केबल अंतर पायांनी मोजल्याशिवाय टाकलेली नाही, आणि प्रत्येक पॅनल भरल्या लोडावर तपासून देतो. त्यानं मागचं काही पुसलं जात नाही. मी ते पुसायला करतही नाही. काम तसंच करायचं असतं म्हणून करतो.

सदाशिवभाऊ आहेत अजून. ऐकू कमी येतं म्हणतात. बैहरवरून मलाजखंडची बस रोज जाते, मी तिकडे कामाला वर्षातून दोन-तीनदा जातोच. त्यांच्या गल्लीत गेलो नाही.

भाऊंची वाइंडिंग पक्की होती.