रोज एक वाजता येणारा बिबो

"जुन्या ब्राउझरान कितले जाण येतात आपल्या साइटीर?" सुरेंद्रबाबनी विचारलं.

मी लॉग काढला. लॉग म्हणजे सर्व्हरची हजेरीवही. कोण आलं, किती वाजता आलं, कुठल्या ब्राउझरमधून आलं, सगळं त्यात आपोआप उतरतं. तीन महिन्यांच्या नोंदी चाळल्या आणि सांगितलं, "एकूच."

"एकूच? मागीर दवरून कितें करपाचें?" एकासाठी ते चालू कशाला ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं.

"कांय ना. बंद करूया," मी म्हटलं.

सुरेंद्रबाब आमच्या फर्मचे मालक. डिचोलीत आमचं छोटं ऑफिस आहे. कारखाने, शाळा, दवाखाने यांच्या कंप्युटरची वर्षभराची देखभाल आम्ही करतो. साइट नव्या सर्व्हरवर न्यायची होती आणि ते काम माझ्याकडे होतं. नव्या सर्व्हरला कुलूप चांगलं लावायचं असतं. ब्राउझरच्या पट्टीत पत्त्याशेजारी जे दिसतं ते हे कुलूप. त्याच्याही जुन्या-नव्या जाती असतात. जुनी जात चालू ठेवली तर जुने ब्राउझर आत येतात, पण चोरांनाही ते कुलूप उघडणं सोपं जातं. जुनी जात बंद केली की जुना ब्राउझर दारातच अडकतो. त्यामुळे बंद करणं नियमाला धरूनच होतं. कुणीही तेच केलं असतं.

पण मी ते नियमासाठी केलं नाही. तो एक कोण हे मला चांगलं ठाऊक होतं.

आमच्या साइटवर प्रश्नोत्तरांचं एक पान आहे. लोक अडचण लिहितात, मी उत्तर देतो. चार वर्षांपूर्वी तिथे 'बिबो' नावाचा एक माणूस उगवला. बिबो म्हणजे आमच्याकडे काजूची बी. खरं नाव त्यानं कधी लिहिलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी कुणाला तरी लिहिलं होतं, की एक्सपी ही जुनी विंडोज आता सोडा, कंपनीनं त्याची काळजी घेणं कधीच थांबवलंय, आणि त्यातला तो निळ्या 'ई'चा ब्राउझर तर मुळीच वापरू नका. त्याखाली बिबोनं रोमन लिपीत लिहिलं, "माझा एक्सपी चालतो. तुमचं नवीन दर दोन वर्षांनी आजारी पडतं. मग म्हातारं कोण?"

नाकाला मिरच्या झोंबल्या. मी सहा मुद्दे लिहिले. त्यानं सहाही खोडले. दुसऱ्या दिवशी एक वाजता परत हजर. मी म्हणायचो, छप्पर गळतंय आणि तुम्ही खाली निजलाय. तो म्हणायचा, गळतं कुठे ते मला ठाऊक आहे, मी तिथे निजत नाही. मी धोके सांगायचो, तो म्हणायचा, माझ्याकडे चोरायला आहे काय? पालथ्या घड्यावर पाणी. तरी मी रोज ओतायचो.

खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. माझी बायको सुषमा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मुलगी बंगळुरूला, रविवारी फोन करते. आमचं घर लाटंबार्शात, चहूकडे काजूची झाडं, शेजार लांब. सकाळी पोदेराकडून पाव घेताना दोन शब्द, ऑफिसात कामाचे चार, झालं. दुपारी एकला बाकीचे जेवायला घरी जायचे. मी डबा उघडायचो, कालचं माशाचं हुमण आणि भात, आणि समोर बिबोचं पान. एका हातानं जेवत दुसऱ्या हातानं त्याला उत्तर द्यायचो. दिवसभरात मी खरोखर तावातावानं बोललो असेन तर तेवढंच.

सुरेंद्रबाबनी विचारलं त्याच्या आदल्याच दिवशी बिबोनं मला चारचौघांत तोंडघशी पाडलं होतं. त्यानं एक फाइल पानावर टाकली आणि लिहिलं, "तुमच्या नव्या मशीनवर ही वाचून दाखवा. वाचलीत तर मी एक्सपी सोडतो." मी उघडली. कंस, टिंबं, इंग्रजी अक्षरं, डॉलरचं चिन्ह, सगळी खिचडी. जुन्या मराठी फॉण्टची भानगड ही अशी. पूर्वी प्रत्येक टायपिंग प्रोग्रॅमचे आपापले फॉण्ट असायचे, आणि तो प्रोग्रॅम नसेल तर मराठीचा असा चिखल होतो. मी तीन कन्व्हर्टर लावले. एकातून 'श्री' तेवढं निघालं. मी काहीच उत्तर दिलं नाही. खाली आमच्याच दोन ग्राहकांनी हसण्याची चित्रं टाकली.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी "बंद करूया" म्हणालो. वर नियमांचा एक कागदही केला, जुने ब्राउझर कायमचे बंद, आणि सुरेंद्रबाबांची सही घेतली.

सोमवारी नवा सर्व्हर चालू झाला. एकला मी डबा उघडला. पान रिकामं. मी खूश झालो. आता झक मारत नवा कंप्युटर घेईल आणि येईल, असं मनात म्हटलं. मंगळवारी आला नाही. बुधवारी नाही. शुक्रवारी मी ते पान किती वेळा उघडलं ते मोजलं नाही, पण डबा तसाच घरी गेला.

पुढच्या आठवड्यात मी कारण नसताना पुन्हा लॉग काढला. सर्व्हरला दोन दारं असतात. एक साधं, एक कुलपाचं. साध्या दारावर कुणी आलं तर सर्व्हर त्याला सांगतो, त्या दुसऱ्या दारानं ये. साध्या दाराच्या नोंदीत एक वाजून चार मिनिटांनी तोच जुना ब्राउझर होता. कुलपाच्या दारावर त्याची नोंदच नाही. म्हणजे आला, दुसऱ्या दाराकडे पाठवला, आणि ते दार त्याला उघडलं नाही. मी आदला दिवस बघितला. एक वाजून दोन मिनिटं. त्याच्या आदला, एक वाजून पाच. एकही दिवस चुकला नव्हता. काही दिवशी तीन-तीनदा प्रयत्न होते.

 चार वर्षं ज्याच्याशी मी भांडलो त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं, गाव ठाऊक नव्हतं, फोन नंबर नव्हता. तो रोज दार वाजवत होता आणि दाराला कडी मी घातली होती.

इतकं कळूनही मी पुढचे सहा दिवस काही केलं नाही. हे लिहायला लाज वाटते. केलं असतं तर हरलो असं कबूल करावं लागलं असतं. रोज एकला नोंद बघायचो. आला, गेला. सातव्या दिवशी नोंद दीड वाजेपर्यंत आली नाही, आणि मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घालायला लागलो. एक छत्तीसला आली. मी तसाच सुरेंद्रबाबांच्या केबिनमध्ये गेलो.

म्हटलं, साध्या दारावर एक पान ठेवायचंय. लॉगिन नाही, काही नाही, नुसतं वाचायला. त्यातून काही धोका नाही.

त्यांनी माझा कागद ड्रॉवरमधून काढून माझ्याच पुढे ठेवला. "दत्ताराम, हें कोणें बरयलां?"

"हांवें." मीच लिहिला होता.

"आनी आतां एका मनशाखातीर मोडपाचें?"

"एकाच खातीर केल्लें तें," मी म्हटलं. "म्हाका तो नाका आशिल्लो." मला तो नको होता, एवढंच कारण.

 सुरेंद्रबाबनी कागद परत ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, कर, पण कोणाक सांगूं नाका.

पान अर्ध्या तासात झालं. मजकूर लिहायला दीड तास लागला. शेवटी एवढंच ठेवलं: "बिबो, तुमचं काही बिघडलेलं नाही. बंद आमच्याकडून झालंय. फोन करा किंवा पत्र पाठवा. दत्ताराम." खाली माझा नंबर आणि ऑफिसचा पत्ता.

दुसऱ्या दिवशी एक वाजून तीन मिनिटांनी लॉगमध्ये नोंद आली. पान पूर्ण उघडलं होतं. मी फोन हातात धरून बसलो. वाजला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. तो रोज पान उघडत होता, वाचत होता, आणि फोन करत नव्हता. मला वाटलं, राग असेल. मला आला असता.

चौथ्या दिवशी वाजला. बसचा कंडक्टर होता. आमच्याकडे एका गावचं पाकीट दुसऱ्या गावात असंच जातं, कंडक्टरच्या हाती. तो म्हणाला, मांद्र्याच्या गुणाजीबाबनं पाकीट दिलंय, डिचोली स्टँडवर येऊन घेऊन जा.

मी स्टँडवर गेलो. पाकीट जाडजूड होतं, कोपऱ्यात रोमन लिपीत 'बिबो' लिहिलेलं. मी कंडक्टरला विचारलं, नंबर होता तर त्यांनी फोन का केला नाही?

"ताका आयकूंक येना न्हू," तो म्हणाला. "साफ बेरो तो. कितेंय जाय जाल्यार बरोवन दाखोवचें पडटा."

बेरो म्हणजे बहिरा. ठार बहिरा, काही हवं तर लिहून दाखवावं लागणारा. मी तिथेच बाकावर बसलो आणि पाकीट फोडलं.

आत एकोणीस कागद होते. जुन्या प्रिंटरवर छापलेले, मराठीत, टपोऱ्या सुंदर अक्षरात. प्रत्येकावर वार घातलेला. पहिला त्या सोमवारचा: "आज पान उघडत नाही. तरी मुद्दा लिहून ठेवतो, उघडेल तेव्हा टाकीन." मंगळवारचा: "आजही नाही. मुद्दा क्रमांक दोन." असे एकोणीस. रोज एक वाजता तो यायचा, पान उघडायचं नाही, आणि तो माझ्याशी वाद घालून जायचा. शेवटच्या कागदावर त्याच्या घराची खूण होती, मांद्र्याच्या देवळामागची तिसरी वाट.

बसस्टँडवर माणसं होती म्हणून, नाहीतर मी रडलो असतो. थोडा रडलोच.

रविवारी गेलो. गुणाजीबाब पासष्टीचे, बारीक, खांद्यावर पंचा. एकटेच राहतात, पुतण्या वास्कोला असतो. मी खिशातून त्यांचे कागद काढून दाखवले तेव्हा त्यांनी ओळखलं आणि हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, मेज, मेजावर तो एक्सपीवाला कंप्युटर, पाठीमागे एक छोटी डबी खोचलेली. ती डबी म्हणजे टायपिंग प्रोग्रॅमची चावी. ती काढली की प्रोग्रॅम उघडत नाही, आणि नव्या मशीनला ती खोचायला भोकच नसतं. त्यांनी मला फोल्डर दाखवले. घराण्याच्या नावानं एकेक. लग्नं, बारशी, मुंजी, बाराव्याची पत्रं. जत्रेच्या पत्रिका, दशावताराच्या जाहिराती. आमच्याकडे पत्रिकेत देवांची नावं ज्याच्या त्याच्या क्रमानं घालावी लागतात. ग्रामदेवता आधी, मग कुळाचा देव, मग घराण्याचा मूळपुरुष. एक नाव खालीवर झालं तर नातेवाईक लग्नात तोंड फिरवतात. लोक येतात आणि खुणेनं सांगतात, भावाच्या वेळची होती तशीच कर. गुणाजीबाब जुनी फाइल काढून फक्त नवरा-नवरी बदलतात. गावातल्या घरांचे देव त्या एका मशीनमध्ये होते, आणि मी चार वर्षं त्यांना म्हणत होतो, फेकून द्या.

त्यांनी बसायला कदेल पुढे केली, कीबोर्ड माझ्याकडे सरकवला आणि खूण केली, लिहा.

जुन्या टाइपरायटरची मांडणी. मला एक अक्षर सापडेना. ज्या मशीनला मी चार वर्षं नावं ठेवली त्याच्यासमोर बसून मी एका बोटानं 'क' शोधत होतो. पाच मिनिटांनी एक ओळ झाली: "बंद मी केलं. मुद्दाम केलं. फाइल वाचता आली नाही म्हणून."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग कीबोर्ड ओढून घेतला आणि दहाही बोटांनी झरझर लिहिलं: "ठाऊक होतं. दुसरं कोण करणार?"

मी मान खाली घातली. ते अजून लिहीतच होते. मी वर बघितलं.

"राग आला होता. पण रोज बोलायला दुसरं कोणी नाही. मुद्दा क्रमांक चार वाचलात का? त्याचं उत्तर द्या."

संध्याकाळपर्यंत आम्ही त्या एका कीबोर्डवर आळीपाळीनं भांडलो. चहा दोनदा झाला. खोलीत आवाज फक्त बटणांचा.

तांत्रिक बाजूचं काय झालं ते सांगतो. जुन्या मशीनची इंटरनेटची वायर मी काढली. ते आता फक्त पत्रिका करतं, बाहेरचं वारं त्याला लागत नाही. फाइलींची एक प्रत वेगळी काढून ठेवली. ऑफिसातला एक पडून असलेला कंप्युटर सुरेंद्रबाबनी दिला, त्यावर नवी सिस्टीम घातली, इंटरनेट त्यावर. म्हणजे धोक्याबद्दल मी बरोबर होतो, आणि मशीन न टाकण्याबद्दल ते. हे त्यांनी अजून मान्य केलेलं नाही. मीही नाही.

सर्व्हर बदलण्याची आमची एक चेकलिस्ट असते. तिच्यात मी एक ओळ वाढवली: काहीही बंद करण्याआधी लॉग बघावा, आणि आकडा एक असेल तर तो कोण ते विचारावं.

हे सगळं झाल्यावरच्या सोमवारी एकला मी डबा उघडला. एक वाजून दोन मिनिटांनी बिबोची पोस्ट आली. नव्या ब्राउझरमधून, पहिलीच.

"ह्यात अक्षरं बारीक दिसतात. जुन्यात बरी दिसायची."