दोन ईस्टर आणि मटणाचा रस्सा

अमेरिकेत ॲन आर्बरला मी ज्या म्हातारीच्या घरात वरच्या खोलीत राहायचे ती ग्रीक होती, आणि हे ती कुणालाही विसरू द्यायची नाही. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, तुमच्याकडे आजीला काय म्हणतात? मी म्हटलं, आजी. "मग मी आजी," म्हणाली आणि विषय संपवला. शेजारच्या घरात एक इटालियन गृहस्थ होते, चाळीस वर्षं प्लंबिंग करून रिटायर झालेले. त्यांना मी काका म्हणायचे. आजी त्यांना 'तो लॅटिन' म्हणायची, म्हणजे रोमवाला.

दोघंही एकटी. दोघांचेही जोडीदार कधीच गेलेले. आणि कुंपणाशी उभं राहून एक भांडण झाल्याशिवाय दोघांचा दिवस मावळायचा नाही. भांडण तरी कशावरून? "तुम्हाला लिहायला आम्ही शिकवलं," आजी सुरू करायची. "नाटकं आमची, वैद्य आमचे. देव तर सगळेच आमचे, नुसती नावं बदलून घेतलीत!" काका शांतपणे म्हणायचे, "घेतली. पण गटारं कुणी बांधली?" प्लंबर माणूस, त्यांच्या लेखी संस्कृती म्हणजे पाण्याचा निचरा. मग आजी हुकमाचं पान काढायची. आठशे वर्षांपूर्वी धर्मयुद्धाला निघालेल्या लॅटिन सरदारांनी वाटेतच ग्रीकांचं कॉन्स्टँटिनोपल लुटलं होतं. "पवित्र भूमी सोडवायला निघालात आणि आमचं शहर धुऊन नेलंत!" यावर काकांचं उत्तर ठरलेलं असायचं, "मी त्या दिवशी कामावर होतो."

सुरुवातीला मी मध्ये पडायचे. नंतर माझ्या लक्षात आलं की काका दोन दिवस बाहेर दिसले नाहीत की आजी उगाचच तीन-तीनदा कचरा टाकायला जाते. तेव्हापासून मी कानाला खडा लावला.

मार्चमध्ये आजीचा उपास सुरू झाला. आमच्या नागपूरच्या बौद्ध घरात उपासतापास कधी नव्हते. रविवार म्हणजे मटण, एवढंच आमचं व्रत. पण पुण्यात शिकताना रूममेटचे उपास पाहिले होते, साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा, वर दाण्याचा लाडू. एकादशी आणि दुप्पट खाशी! आजीचा उपास मात्र भयंकर होता. मांस बंद, अंडी बंद, दूध-लोणी-चीज बंद, सोमवार ते शुक्रवार तेलसुद्धा बंद. नुसता उकडलेला पांढरा घेवडा. चाळीस दिवस आणि वर एक आठवडा, थेट ईस्टरपर्यंत. काकांचा उपास म्हणजे शुक्रवारी मटणाऐवजी मासे. आजी म्हणायची, "त्याला उपास म्हणत नाहीत, मेनू म्हणतात."

याच सुमारास काकांनी मला हळूच सांगितलं की माझ्याआधीच्या भाडेकरूनं ऐन उपासात बेकन तळलं होतं. आजीनं त्याला दुसऱ्या दिवशी बॅगेसकट बाहेर काढलं. थिसिस दोन महिन्यांवर आलेला, आणि सेमिस्टरच्या मध्यावर युनिव्हर्सिटीजवळ दुसरी खोली कुठली मिळायला! पण खरं सांगते, भीती नुसती खोलीची नव्हती. एकदा घर सोडायला लागलेलं माणूस पुढं प्रत्येक घरात निम्मी बॅग भरूनच राहतं. पुण्यात मी फक्त पहिलं नाव सांगून आणि 'व्हेज आहे' असं खोटं बोलून खोली मिळवली होती. उकडलेली अंडी स्टीलच्या डब्यात लपवून, खिडकीशी उभी राहून खायचे. एक दिवस घरमालकीणबाईंनी दारात उभं राहून नाक मुरडलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. आठवड्यात मी बाहेर.

तर आजीच्या उपासात मी अंड्याचं नावसुद्धा काढलं नाही. आणि एका शनिवारी काका कुंपणावरून मटणाचं हे भलंमोठं पुडकं देत म्हणाले, "उद्या ईस्टर. मुलीनं एवढं आणून टाकलंय, मी एकटा किती खाणार?" मी फोन पाहिला. कॅलेंडरमध्येही ईस्टर. म्हटलं चला, आजीचा उपास सुटणार! ती चर्चमधून येईपर्यंत आपण असा रस्सा करायचा की म्हातारी खूश झाली पाहिजे.

आता, उपास चाळीस दिवसांचा हे तिनंच सांगितलेलं आणि तो सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झालेले. पीएचडी करणाऱ्या बाईला एवढी वजाबाकी येऊ नये? पण नाही आली. उत्साहाला गणित कुठं सुचतं! रविवारी आजी चर्चला गेल्या गेल्या मी खोबरं, खसखस, लवंग, जिरं भाजलं, कांदा काळा होईस्तोवर परतला आणि आईसारखी लालभडक तर्री आणली. घर नुसतं घमघमत होतं.

वासावर काका मागच्या दारात आले. "हुशार आहेस," म्हणाले. "ती बाहेर गेल्यावर उरकून घेतेस."

"उरकून? अहो काका, तिच्यासाठीच केलंय. आज ईस्टर ना?"

"माझा," काका म्हणाले. "तिचा पाच आठवड्यांनी. त्यांचं चर्च वेगळं, कॅलेंडर वेगळं. या वर्षी फारच लांब पडलाय."

माझी पाचावर धारण बसली. बाप्पा! दोन चर्चेसनी मिळून एक तारीख ठरवू नये? हजार वर्षं काय करत होते हे लोक? मी काकांना म्हटलं, हे भांडं तुमच्याकडे न्या. ते दोन पावलं मागं सरले. "माझ्या घरात? ती आणखी आठशे वर्षं ऐकवेल." शेवटी मी सगळ्या खिडक्या उघडल्या, बाहेरची बर्फाची हवा आत घेतली, दालचिनी उकळत ठेवली, आणि भांडं वर नेऊन बाथटबमध्ये ठेवून पडदा ओढला. घरात आता थंडगार मटणाचा वास येऊ लागला, दालचिनी घातलेला.

आजी आली. दारातच थांबली. नाक वर केलं.

"मांस कुणी शिजवलं?"

आणि मी म्हणाले, "काकांनी."

काय सांगू, उचलली जीभ लावली टाळ्याला. नुसतं तेवढ्यावर थांबले नाही. तेच घेऊन आले, तेच शिजवत बसले, मी नको नको म्हणत होते. आठशे वर्षांचं भांडण आयतं समोर होतं, त्यात आणखी एक मटण कुणाला जड होणार? आजी कोटसकट कुंपणाशी गेली. मागोमाग मी, धरणी पोटात घेईल तर बरं असं म्हणत.

"तू माझ्या स्वयंपाकघरात मांस शिजवलंस?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "हो," म्हणाले. "मीच."

"कसं?"

"कांदा घातला," काका म्हणाले. मग बराच विचार करून म्हणाले, "मग मांस."

"अजून?"

"मीठ."

"तुला अंडं उकडता येत नाही," आजी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आत ये."

ती स्वयंपाकघरात कोट न काढताच बसली. "खोटं का बोललीस?" मी सगळं सांगितलं. खोलीची भीती, पुण्याचं घर, डब्यातली अंडी, आडनाव. तिला आडनावाचं काही केल्या कळेना. "नाव ऐकून काढलं? तुझ्या शेवटच्या नावात मांस होतं?" मी म्हटलं, आजी, आमच्याकडे शेवटच्या नावात सगळंच असतं. तिनं कोट काढून खुर्चीवर टाकला.

मग म्हणाली, "तो बेकनवाला. त्याला मी बेकनसाठी नाही काढलं. उपास माझा होता, त्याचा थोडाच? तो माझ्या तोंडावर सांगत राहिला, वास शेजारून येतोय. त्यापायी मी त्या लॅटिनला फुकट दिवसभर शिव्या दिल्या."

संपलं, मी मनात म्हटलं. मी हुबेहूब तेच केलं होतं. सुटकेस कपाटावर होती, पुस्तकांना खोके लागणार होते.

"भांडं कुठंय?"

"बाथटबमध्ये."

"बाथटबमध्ये!" आजी खुर्चीचा हात धरून हसली, डोळे पुसले, मग एकदम रागावली. "आण खाली. आणि त्याला बोलव. सणाच्या दिवशी एकटा बसलाय मूर्ख. आधी त्याची माफी माग."

मी माफी मागितली. काका म्हणाले, कसली माफी, आणि टेबलावर येऊन बसले. पहिल्याच घासाला त्यांचे कान लाल झाले. आजीपुढं घेवड्याचं सूप होतं. तिनं एक चमचा घेतला, खाली ठेवला, उठली आणि पळी हातात घेतली. मी म्हटलं, आजी राहू दे, मी घेते, तुझा उपास आहे. तिनं ऐकलं नाही. उपासाच्या त्या हातानं तिनं भांड्यातला सगळ्यात मोठा तुकडा शोधला आणि माझ्या ताटात वाढला.

माझ्या डोळ्यांना धार लागली. थांबेचना. काका घाबरून पाणी ओतायला लागले.

"तिखट झालाय जरा," मी म्हणाले.

"आज एक खोटं पुरे झालं," आजी म्हणाली आणि वर आणखी रस्सा घातला.