आधी भोक, मग गिटार

लग्नाला अकरा वर्षं झाली तेव्हा माझे सासरे पहिल्यांदा माझ्या वर्कशॉपमध्ये आले. निलंग्याहून सकाळच्या एसटीनं लातूरला उतरले, विचारत विचारत गल्ली शोधली आणि आल्याआल्या स्टुलावरचा भुसा रुमालानं झटकून बसले. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मी हातानं गिटारी बनवतो. आमच्या भागात हे काम करणारा दुसरा कुणी मला माहीत नाही, हे मी अभिमानानं सांगतो आणि मामा त्याचीच काळजी करतात. "थोरले जावई काय करतेत?" असं कुणी विचारलं की ते म्हणतात, "लाकडाच्या लाईनीत हायेत," आणि लगेच समोरच्याच्या तब्येतीची चौकशी सुरू करतात. गिटार हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

तोपर्यंत माझे तीन अधिकमास झाले होते. आमच्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात आणि वाण देतात. पहिल्या धोंड्याला मला ऑफिसची बॅग मिळाली. दुसऱ्याला पँट-शर्टचं कापड आणि एक टाय. तिसऱ्याला मनगटी घड्याळ, 'वेळेवर पोचायला'. कुठे पोचायला, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. बॅगेत सध्या पॉलिश पेपर असतात. टाय गोंद सुकेपर्यंत लाकडं आवळून धरायला उत्तम आहे.

तर मामा पाणी प्यायले, त्यांनी भिंतीवर टांगलेल्या गिटारींकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "एक गिटार पायजे."

माझ्या हातातली पटाशी खाली पडली आणि पायाच्या अंगठ्यापासून चार बोटांवर जमिनीत रुतली.

गिटार धाकट्या जावयासाठी हवी होती. माझा हा साडू पुण्यात कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय करतो ते मामांना माझ्या कामाइतकंच कळतं, पण 'इंजिनिअर हायेत' एवढ्यावर भागतं, पुढे कुणाच्या तब्येतीची चौकशी करावी लागत नाही. त्याचा हा पहिला धोंडा. अंगठी करू की ब्रेसलेट, असं विचारल्यावर साडू म्हणाला होता, सोनं नको, दादांनी बनवलेली गिटार द्या. हा पोरगा मला तेव्हापासून आवडायला लागला.

अडचण मामींची, म्हणजे सासूबाईंची होती. धोंड्याच्या वाणाला जाळी, म्हणजे भोकं, लागतात. म्हणून तर अनारसे देतात, बत्तासे देतात, तेही तेहतीस. जाळी नसलेली वस्तू वाणात कशी द्यायची?

"मी म्हनलं तिला, गिटारला भोक असतंय," मामा म्हणाले. "फोटूत दाखवलं. तर ती म्हणती, तेहतीस पाडता येतेत का?"

"मामा, तेहतीस पाडली तर गिटार होणार नाही, झारा होईल."

मामांनी तिथूनच निलंग्याला फोन लावला. बराच वेळ ऐकून घेतलं. "एक चालतंय म्हणती. पर गोल पायजे."

"गोलच असतं. कधीपर्यंत हवी?"

"अमावस्येच्या आत. एकोणीस दिवस हायेत. लई झाले."

मी त्यांना समजावून सांगितलं. पातळ फळ्या जोडायच्या, बाजूच्या पट्ट्या गरम नळीवर हळूहळू वाकवायच्या, प्रत्येक सांध्याला सुकू द्यायचं, पॉलिशचे हात द्यायचे. तीन महिने लागतात. घाईत केलेली गिटार पुण्याच्या पावसात गेली की तिचं पोट फुगतं आणि मान वाकते.

"आमच्या गावचा सुतार दोन दिवसांत पलंग करायचा," मामा म्हणाले.

"मामा, पलंग वाजवत नाहीत."

"त्याचा वाजायचा," मामा म्हणाले आणि परतीच्या एसटीसाठी उठले. "करा मग. मी सकाळी फोन करतो."

मी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं, आणि तिथंच घोटाळा झाला.

घाईचा धडा मी एकदा नांदेडला घेतलेला आहे. तिथे मी एका उस्तादांकडे शिकलो. ते पेट्या दुरुस्त करायचे, म्हणजे हार्मोनियम. गिटार त्यांना परकी होती, पण गोंद आणि लाकूड घरचं होतं. त्यांच्याकडे असतानाच एका कॉलेजच्या गॅदरिंगसाठी मी आठवड्यात गिटार करून दिली. गाण्याच्या ऐन मध्यात तारा धरून ठेवणारी पट्टी उखडली, उडाली आणि प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवरच्या नारळावर टणकन आपटली. पाहुण्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. उस्ताद मात्र मला एवढंच म्हणाले, "गोंदाला घड्याळ कळत न्हाई, बेटा. तू त्याला शिकवून राहिला." तेव्हापासून मी घाईचं काम घेत नाही. बड्या लोकांना तोंडावर नाही म्हटलंय.

पण ती बडी माणसं माझे सासरे नव्हती. नाही म्हटलं तर मामा आयुष्यभर म्हणणार की अकरा वर्षं लाकडं तासली आणि घरच्या कामाला आले नाहीत. हो म्हटलं आणि पुण्यात त्या गिटारचं पोट फुगलं, तर ते दर दिवाळीला सगळ्या पाहुण्यांसमोर फुगणार. या माणसानं माझ्या कामाला एकदा तरी काम म्हणावं, एवढंच मला हवं होतं. चाळिशीच्या माणसाला हे शोभत नाही, पण हवं होतं.

बायकोला विचारलं. ती पोळ्या लाटत होती.

"नाही म्हणायचं तर म्हणा. पण खरं सांगा, आमच्या अण्णांना नाही म्हणायला तुम्हाला जरा मजा वाटायलीय ना?"

मला भयंकर राग आला, कारण वाटत होती. अकरा वर्षांची तीन वाणं मनात घेऊन मी ते 'नाही' पुन्हा पुन्हा म्हणून बघत होतो, वेगवेगळ्या आवाजांत. एकदा तर आरशासमोर टाय लावून म्हटलं. टायला गोंद लागलेला होता, तो सोडवायला बायकोला कात्री आणावी लागली.

इकडे मामांचा फोन रोज सकाळी साडेसातला यायचा. रामराम नाही, काही नाही.

"भोक पडलं का?"

"मामा, आधी भोक पडत नसतं..."

"बरं. उद्या करतो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "पडलं का?" तिसऱ्या दिवशी मामी पलीकडून ओरडल्या, "गोल पाडायला सांगा!" चौथ्या दिवशी मी फोन स्पीकरवर ठेवून दात घासत होतो आणि शेजारच्या काकू खिडकीतून विचारत्या झाल्या, की तुमच्याकडे बोअर घेतायत का?

पाचव्या दिवशी "भोक पडलं का?" ऐकलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस पाच दिवसांत एकदाही गिटार झाली का, असं विचारत नव्हता.

"मामा," मी म्हटलं, "अमावस्येच्या आत भोक देतो. गिटार दिवाळीला देतो."

मामांनी विचारलं, "भोक कशात असंल?"

"गिटारच्या पोटाच्या फळीत. फळी खरी, भोक खरं. बाकीची गिटार तिला मागनं सावकाश लागंल. घाई मी करणार नाही, मामा. केली तर तुमच्या जावयाच्या हातात मोडंल."

मामी-मामांची कुजबुज झाली. मामींचं म्हणणं पडलं, शास्त्राला भोकाशी मतलब, बाकीच्या लाकडाचं शास्त्रात काही लिहिलेलं नाही. शिवाय दिवाळसणही त्याच गिटारीत निघेल. मामा म्हणाले, "चालतंय. पर लई आडमुठे हाव तुम्ही."

मी दहा दिवस घेऊन फळी जोडली, रंधून कागदासारखी पातळ केली, भोक पाडलं आणि त्याच्याभोवती शिसवाची बारीक नक्षी बसवली. इतकं गोल भोक मी त्याआधी पाडलं नव्हतं. मामींनी वाटी ठेवून तपासलं.

निलंग्याला साडूला पाटावर बसवलं, समोर तबकात फळी, फळीवर तेहतीस अनारसे. औक्षण झालं. साडूनं फळी डोळ्यांसमोर धरली आणि भोकातून आम्हा सगळ्यांना एकेक करून पाहिलं. नंतर बोटानं टिचकी मारली. फळी गुणगुणली. तो हसला, तेवढ्यात जेवायला आलेले एक पाहुणे म्हणाले, "पोळपाटाला भोक कशाला पाडलं?"

मग माझी पाळी. मी पाटावर बसलो आणि मनात म्हटलं, या वर्षी लॅपटॉपची बॅग असणार. मामांनी तबकावरचं फडकं काढलं. अनारशांच्या शेजारी एक गिरमिट होतं. नवं, लाकडाला भोकं पाडायचं, हातानं फिरवायचं, बैलगाडीच्या जुवाला चालेल एवढं जाड. गिटारला लावलं तर एका फिरकीत गिटारच्या दोन गिटारी होतील.

"ह्याला भोक न्हाई," मामा पाहुण्यांना समजावत होते, "पर ह्यानं पडतंय. म्हणून चालतंय."

"जावई काय, बैलगाड्या करतेत का?" पाहुण्यांनी विचारलं.

मी मान खाली घातली. आता लाकडाची लाईन येणार, मग तब्येत.

"गिटारी करतेत," मामा म्हणाले. "हातानं. पर घाईत मागू नका, सासऱ्यालाबी देत न्हाईत."

सगळे माझ्याकडे बघत होते, काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी त्या पाहुण्यांकडे वळलो आणि त्यांच्या तब्येतीची चौकशी सुरू केली.