रंग उडालेल्या माशांच्या काकी

"मासा ऱ्हाऊ द्या. पाण्याचं सांगा."

पौडच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत काकींचं दुकान होतं. तिथे कोणीही तक्रार घेऊन आलं की काकींचं पहिलं वाक्य हे. मासा काळा पडला, पांढरा पडला, ठिपके आले, असं समोरचा काकुळतीने सांगत असायचा. काकी विचारायच्या, पाणी नळाचं की बोअरचं? बदललं कधी? अर्धं की सगळं? टाकी उन्हात हाय का? सासूने नव्या सुनेला माहेरचं विचारावं तशी ती उलटतपासणी. मग उजवा डोळा मिटून डाव्याने पिशवीतल्या माशाकडे बघायचं आणि निकाल द्यायचा.

दुकानावर पाटी 'रंगीत मासे' अशी होती. तरी रविवारी कोणीतरी पिशवी घेऊन यायचंच.

"बांगडा हाय का?"

"हितलं मासं खायाचं न्हाईत, बघायचं."

"बघून पोट भरतं व्हय?"

"माजं भरतंय."

आरोग्य खात्याने डासांसाठी दिलेले गप्पी मासे घरामागच्या हौदात वाढवता वाढवता काकींचं हे दुकान झालं होतं. शाळा चौथीपर्यंत. पण माशाचा रंग का बदलतो, हे त्यांच्याइतकं सोपं करून सांगणारं माणूस मी पाहिलं नाही. लवळ्याच्या हॉस्टेलमधली एक मुलगी एकदा रडवेली होऊन आली. तिचे निळे टेट्रा मासे रोज सकाळी दिवा लावला की फिक्कट दिसायचे, आणि नाष्टा करून येईपर्यंत परत निळे व्हायचे.

काकी म्हणाल्या, "झोपंतनं उठल्यावर तुजं तोंड आरशात बघतीस का? मग त्यांच्या का मागं लागतीस? निजल्यावर रंग उतरतो त्यांचा. निजू दे की."

मुठा गावात बंगला बांधलेले एक गृहस्थ तर भांडायलाच आले होते. त्यांचा काळपट गोल्डफिश वर्षभरात नारंगी झाला होता. रंग लावून मासे विकता, असा त्यांचा आरोप. काकींनी त्यांच्या पिकलेल्या डोक्याकडे शांतपणे पाहिलं.

"सायेब, तुमचं क्यास आधी काळंच व्हतं ना? मग ते काय कुणी रंगवून दिल्यालं? वय झालं की मासा बी बदलतो."

साहेबांनी जाताना आणखी दोन गोल्डफिश नेले.

माझी आणि काकींची गाठ पडली ती अशाच एका तक्रारीवरून. मी दातांची डॉक्टर. पुण्याहून पौडला येऊन नवीन दवाखाना थाटला होता. पेशंटचं मन रमावं म्हणून बाहेरच्या खोलीत काचेची टाकी ठेवावी, असं मनात आलं. काकींनी पाच लालभडक पॅरट मासे दिले. "ह्यांचं तोंड कदी पुरतं मिटत न्हाई. तुमच्याकडं शोभतील."

आठवड्यात पाचही मासे दुधाळ चहासारखे झाले. दाढ दुखणारी माणसं त्यांच्याकडे बघून एकमेकांना म्हणू लागली, "बघ, मासंसुदीक भ्यालं बाईंना." दोघे तर तेवढ्यावरून उठून गेले.

मी काकींना पाण्याचं सगळं सांगितलं. पाणी ठीक निघालं. मग काकी स्वतः आल्या आणि अख्खी दुपार माझ्या पेशंटांच्या रांगेत, टाकीशेजारी बसून राहिल्या. नंबर आला की पुढच्याला सोडायच्या. मी आत एका दाढेवर मशीन सुरू केलं आणि बाहेरून आवाज आला, "थांबा! हितं गुरगुरतंय कोण?"

काकींचा तळवा टाकीच्या काचेवर होता. टाकी ज्या भिंतीला टेकली होती, तिच्या पलीकडे मशीनला हवा पुरवणारा माझा कंप्रेसर. तो सुरू झाला की काच थरथरायची, आणि पाचही मासे एका कोपऱ्यात गोळा व्हायचे. मला ते कधी दिसलंच नव्हतं. मी नेहमी आत असे.

"बिचकल्यात वो," काकी म्हणाल्या. "माणसाला पळाया दार हाय. ह्यांनी कुटं जावं?"

त्यांनी टाकी समोरच्या भिंतीला हलवायला लावली, मागे गडद कागद लावला, लपायला एक फुटकं मडकं आत आडवं ठेवलं. पंधरवड्यात लाली परत आली, आणि पळालेल्या दोघांपैकी एकजणही.

त्यानंतर काकींचं येणं वाढलं. दवाखान्याच्या पायरीवर बसायच्या, गप्पा मारायच्या, पण खुर्चीच्या खोलीत पाऊल नाही. हसताना तोंडावर हात ठेवायची त्यांना सवय होती. तुम्हीही पाहिल्या असतील अशा बायका. मलाही ती लाजच वाटली. एके दिवशी कशावरून तरी आम्ही इतक्या हसलो की त्यांचा हात पोचायला उशीर झाला. खालच्या ओठाच्या आत, जिथे तंबाखूच्या मिश्रीची चिमूट धरतात तिथे, मला एक पांढरा चट्टा दिसला.

"काकी, जरा आत चला. बघू द्या."

"माजं दात लोखंडाचं हायेत," म्हणत त्या उठल्याच. पुढे तीन महिने पायरीवर आल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या तर समोरचं दुकान बघू लागायच्या.

शेवटी एका शनिवारी मी दवाखाना बंद ठेवला आणि त्यांच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसले. त्यांनी माशांना खाणं घातलं, जाळी धुतली, गिऱ्हाइकं केली. मी बसूनच. चार वाजता त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला.

"वरीस झालं," त्या टाकीकडे बघत म्हणाल्या. "रोज आरशात बघती. माजी थोरली भन अशीच गेली." मग पहिल्यांदाच मला एकेरीत विचारलं, "पोरी, मासा पांढरा पडला तर मी छातीला हात लावून सांगती, परत लाल व्हईल. तू सांगशील का?"

मला हो म्हणायची फार इच्छा होती. मी म्हणाले, "नाही सांगू शकत. तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

त्यांनी माझा कप उचलून विसळला. मग म्हणाल्या, "खोटं बोलली असतीस तर आली नसती."

सोमवारी त्या आल्या. खुर्चीत त्यांचा चेहरा पार उतरला होता. मी कंप्रेसर बंद ठेवला. त्यांनी हात वर केला की थांबायचं, असं ठरवलं. त्यांनी तो चार वेळा केला. मी चार वेळा थांबले.

तपासणीत वाईट तेच निघालं, पण लवकर निघालं. पुण्यात ऑपरेशन झालं. खालचा ओठ जरा ओढल्यासारखा राहिला, बाकी काकी शाबूत. दोन आठवडे बोलायचं नव्हतं, तर पाटी-पेन्सिल घेऊन दुकान चालवलं. पाटीवर बहुतेक वेळा एकच शब्द असायचा, 'नको'. गिऱ्हाइकं म्हणायची, एरवीपेक्षा बरं आहे. मिश्रीचा डबा त्यांनी स्वतः उकिरड्यावर टाकला आणि आठवडाभर सगळ्यांवर खेकसल्या.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी त्यांना कायमचं आपल्याकडे साताऱ्याला घेऊन गेली. निघायच्या सकाळी मी आत एका पेशंटमध्ये गुंतले होते. बाहेर घोटवड्याचा एक पैलवान बसला होता. अक्कलदाढ काढायची होती आणि तो दोनदा दारातूनच माघारी गेलेला. दार उघडलं तर काकी त्याच्या शेजारी. त्याचा भलाथोरला पंजा त्यांनी मांडीवर घेतला होता.

"जा," त्या त्याला सांगत होत्या. "मी जाऊन आलीया. हात वर केला की ती थांबतीया."

माझ्याकडे बघून त्या हसल्या. तोंडावर हात न ठेवता.

पैलवान गुमान आत आला. दाढ निघाली. मी घाईने बाहेर आले तेव्हा काकींची खुर्ची रिकामी होती. गाडीची वेळ झाली म्हणून गेल्या, असं कोणीतरी सांगितलं.

तोंडात कापूस धरून पैलवान माझ्यामागे उभा होता. "त्या कोन? तुमची आय व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.