अर्लिसने नवऱ्याला चर्चच्या तळघरात बसवलं

अर्लिस कुचेराला गावातला कोणताही माणूस पाठमोरा ओळखता येतो, आणि आदल्या रात्री त्याच्या घरी काय शिजलं होतं तेही बहुधा सांगता येतं. शाळेच्या कचेरीच्या खिडकीत एकोणतीस वर्षं बसलेल्या बाईला एवढं यायलाच हवं. हेडमास्तर ब्रेंट सिडेल चौथीत असताना नाकातून रक्त आलं की हिच्याच खिडकीशी यायचा. आता तो तिचा साहेब आहे, पण अजून तिला 'मिसेस कुचेरा' म्हणतो आणि ती त्याला 'अरे ब्रेंट'.

तर राज्याने शाळांच्या सुरक्षेचा नवा कायदा केला. दारं कुलुपात ठेवा, इमारतीचे नकाशे अग्निशमनवाल्यांना द्या, वर्षातून इतके सराव करा, हे सगळं अर्लिसने निमूट ऐकून घेतलं. अडलं एकाच कलमावर. शाळा रिकामी करायची वेळ आली तर मूल न्यायला येणाऱ्याचं गाडीचं लायसन्स बघायचं, त्याचं नाव मुलाच्या कार्डावर, पालकांनी लिहून दिलेल्या नावांत, आहे का ते ताडायचं, सही घ्यायची, मगच मूल हाती द्यायचं.

"मी जीन पोस्पिशिलला लायसन्स मागू?" अर्लिस म्हणाली. "ते त्याला मिळालं तेव्हा मी मागच्या सीटवर होते."

"कायदा आहे, मिसेस कुचेरा."

"लिंकनला राजधानीत बसून कायदे करणाऱ्यांना शेजारी नसतात का रे?"

सप्टेंबरात पहिला सराव झाला. लिंकनहून एक निरीक्षक बाई आल्या, पातळ चष्म्याच्या, थोड्या हसऱ्या. मुलं रांगेने समोरच्या चर्चच्या तळघरात गेली, अर्लिस टेबलाशी बसली. बाईंनी काय करावं, तर जीन पोस्पिशिललाच गाठलं आणि कानात सांगितलं की तिसरीतल्या एका पोराला न्यायला जा. तुझं नाव त्याच्या कार्डावर नाही, बघू काय होतं ते. जीन गेला. अर्लिसने मान वर करून त्याला पाहिलं, पोराला हाक मारली, जीनच्या हाती दिलं, आणि वर बजावलं, "माझं काकडीच्या लोणच्याचं भांडं इस्टरपासून तुझ्या बायकोकडे आहे. सांग तिला."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. जरा लांबलचकच लिहिलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बेकरीत अर्लिस शिरली की कुणीतरी हमखास विचारी, "अर्लिस, एखादं पोर आहे का गं न्यायला? भांडं आणलंय." ती हसायची, पण तिचा चेहरा काही दिवस उतरलेला होता, हे शेजारच्या खिडकीतूनसुद्धा दिसत होतं.

खरी चिंता वेगळीच होती. त्या टेबलावर कोण बसणार त्याचं नाव शाळेच्या सुरक्षा-आराखड्यात लिहून लिंकनला पाठवायचं होतं. ब्रेंटच्या मनात ओमाहा शहरातून नवीन आलेला संगणकाचा मास्तर होता.

"त्याला इथलं कुणीच ओळखीचं नाही," अर्लिस म्हणाली.

"म्हणूनच," ब्रेंट म्हणाला, आणि खाली बघू लागला.

अर्लिसला हे फार लागलं. एकोणतीस वर्षं ज्या गोष्टीवर मान ताठ ठेवली, तीच आता खोट ठरली. ती एवढंच म्हणाली, "अजून एक सराव दे. त्यातही चुकले तर मीच त्या मास्तराला खुर्ची पुसून देईन." ऑक्टोबरातला शुक्रवार ठरला.

शुक्रवारपर्यंत थांबायला गॅसला सवड नव्हती. बुधवारी साडेबाराला शाळेच्या स्वयंपाकघरात वास आला. नळी कुठेतरी गळत होती. पाच मिनिटांत एकशे शहाऐंशी मुलं रस्ता ओलांडून चर्चच्या तळघरात, आणि अर्लिस कार्डांचा खोका काखेत मारून टेबलाशी.

पहिली आली अग्निशमनप्रमुखाची बायको.

"लायसन्स दाखव, लोरेटा."

"अगं, माझ्या लग्नात तू करवली होतीस."

"होते. तो झगा अजून विसरले नाहीये. लायसन्स."

मग रांगच लागली. कुणी कुरकुरलं, कुणी गाडीत पाकीट आणायला पळालं. जीन पोस्पिशिल मात्र न मागता लायसन्स पुढे करून उभा राहिला, दुसऱ्या हातात लोणच्याचं भांडं. महिनाभर गाडीतच होतं म्हणे. अर्लिसने आधी कार्ड ताडलं, सही घेतली, नातू दिला, मग भांडं घेतलं.

आणि मग आला डेल्मर, तिचा नवरा, नात टेसाला न्यायला. लायसन्स होतं. कार्डावर नाव नव्हतं. अर्लिसनेच लेकीला, जोलीनला, सांगितलं होतं, बाबांचं कशाला लिहितेस, मी आहे ना तिथे.

"नाव नाही तुझं, डेल्मर."

"अर्लिस, ती माझी नात आहे."

"मला माहीत आहे. कार्डाला माहीत नाहीये. तिकडे बस, जोलीन येईपर्यंत."

"ती चाळीस मैलांवर ड्यूटीला आहे गं."

"कॉफी आहे. खसखशीचे कोलाचे पाव आहेत. बस."

डेल्मर बसला, आणि सगळ्या तळघराला ऐकू जाईल अशा बेताने सुस्कारे टाकू लागला. लोक तोंडावर हात धरून हसत होते.

त्या हशातच एक माणूस टेबलाशी आला. गावातलाच, सगळ्यांच्या ओळखीचा, चांगला म्हणावा असा. लायसन्स हातातच होतं. अर्लिसने त्याच्या मुलीचं कार्ड काढलं आणि तिचा हात थांबला. बापाचं नाव खोडलेलं होतं. खाली आईची सही, मुलगी बापाच्या हाती देऊ नये असा कोर्टाचा कागद जोडलेला, तारीख ऑगस्टची. गावातली एवढी मोठी गोष्ट, आणि अर्लिस कुचेराला तिचा पत्ता नव्हता.

महिन्यापूर्वी तिने मान वर करून पाहिलं असतं आणि मुलीला हाक मारली असती. ते तिला त्या क्षणी कळलं. तिने कार्ड पालथं ठेवलं.

"थोडं थांबावं लागेल रे तुला," ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली. "आज माझ्या हातून कुणाची सुटका नाही. सख्ख्या नवऱ्याला बसवलंय, बघतोयस ना. जा, त्याच्याशेजारी बस, जरा शांत कर त्याला."

त्याने लायसन्स खिशात घातलं. मग जाऊन बसला. डेल्मरने त्याला एक कोलाचे पाव दिला आणि स्वतःचं गाऱ्हाणं पहिल्यापासून सांगायला घेतलं. त्या माणसाकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. सगळे डेल्मरलाच बघत होते. अर्ध्या तासाने ब्रेंट येऊन त्या बापाशी कोपऱ्यात हळू बोलला, त्याला गाडीपर्यंत सोडून आला. मुलीला आई घेऊन गेली.

तो माणूस कोण, हे अर्लिसने आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही, आणि शेजाऱ्यांनी विचारण्यात काही कसूर ठेवली असं नाही. ब्रेंटच्या अहवालात एवढंच आहे की एका पालकाला नियमाप्रमाणे थांबवलं. शेजारचा माणूस का बसला होता ते तिने डेल्मरलासुद्धा सांगितलं नाही. त्याला अजून वाटतं की त्या दुपारचा मुख्य अन्याय त्याच्यावरच झाला.

पावणेचारला जोलीन आली, टेसा गेली, खोका रिकामा झाला. शुक्रवारी निरीक्षक बाई आल्या त्या नुसत्या कॉफीला. आराखड्यात टेबलापुढे अर्लिसचं नाव लिहिलं, आणि ओमाहाच्या मास्तराला तिच्या हाताखाली मुलं आणून द्यायच्या कामावर घातलं. तो हळूहळू माणसं ओळखायला लागलाय. ती हळूहळू कार्डं वाचायला.

सोमवारी डेल्मर कचेरीच्या खिडकीशी आला. जोलीनने त्याचं नाव टेसाच्या कार्डावर घातलं होतं, त्याची सही तेवढी राहिली होती. अर्लिसने कार्ड सरकवलं. पेन सरकवलं नाही.

डेल्मरने सुस्कारा टाकला आणि मागच्या खिशातून लायसन्स काढलं.

"फोटो जुना आहे," ती म्हणाली.

"बायकोही जुनीच आहे," तो म्हणाला, आणि पेन मागून घेतलं.