टाचणीबाईंनी वाचलेलं प्रूफ

माझ्या थोरल्या भावाची नोकरी एका बाईच्या प्रार्थनेमुळे जायला निघाली होती, आणि त्याच बाईमुळे ती राहिली. हे सांगितलं की लोक आधी हसतात, म्हणून जरा बैजवार सांगतो.

आमच्या खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या एक बाई राहत. ओठांत कायम चार टाचण्या, म्हणून टाचणीबाई. टाचण्यांसकट त्या बोलत, हसत, जिन्यावरची भांडणंसुद्धा सोडवत. गिळली मात्र एकही नाही. बाई ख्रिस्ती, रविवारची उपासना कधी चुकवायच्या नाहीत. आम्ही त्या वाटेचे नव्हतो, आणि दादाचं तर कुठल्याच देवाशी देणंघेणं नव्हतं. तरी वहिनी गेल्यापासून त्याच्या शर्टाची तुटलेली बटणं ह्याच बाई लावून देत, आणि वर दोन शब्द सुनवत.

दादा छापखान्यात खिळे जुळवायचा. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. खणांतून एकेक उचलायची, ओळ बांधायची, ओळींचं पान. मग पानाचा कच्चा छाप, म्हणजे प्रूफ, वाचून चुका काढायच्या, तेही तोच करायचा. तीस वर्षांत कुठल्या खणात काय हे बोटांना पाठ झालेलं. पण डोळ्यांत मोतीबिंदू धरला. डॉक्टर म्हणाले, अजून पिकलेला नाही, तीन महिन्यांनी काढू. डॉक्टरांची चिठ्ठी त्याने वाचून घेतली ती टाचणीबाईंकडून. मला कळू दिलं नाही, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. बाईंनाही बजावलं, की कुणाला सांगू नका.

बाईंनी कुणालाच सांगितलं नाही. फक्त देवाला सांगितलं. आता त्यांच्या मंडळीत रीत अशी, की ज्याला कुणासाठी प्रार्थना हवी त्याने उपासनेत उभं राहून मागायची. बाई उभ्या राहिल्या आणि छापखान्यातल्या आपल्या शेजाऱ्याचे डोळे देवाच्या हवाली केले, सव्वाशे माणसांसमोर. तिसऱ्या बाकावर मालकाच्या मुलांना शिकवायला जाणाऱ्या मास्तरीणबाई बसल्या होत्या. सोमवारी दहाच्या आत मालकाने दादाला बोलावून विचारलं, की न दिसणाऱ्या माणसाने प्रुफं कशी वाचायची?

दादा तसाच घरी आला आणि टाचणीबाईंच्या दारात उभा राहिला. मी मागेच होतो.

"तुमच्या देवाला माझा पत्ता दिलात तो दिलात," तो म्हणाला, "मालकाला कशाला दिलात?"

बाईंनी तोंडातल्या चारही टाचण्या काढून ठेवल्या. हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

"चुकलं माझं, भाऊ. देव मला क्षमा करेल हो, पण त्याने तुमची नोकरी थोडीच राहणार? ते माझं मला बघायला हवं."

दुसऱ्या दिवशी बाई थेट छापखान्यात. मालकाला वाटलं, ही म्हणणार की तसं काही नाही, चांगलं दिसतं. पण खोटं बोलायचं तर बाईंच्या जिवावर यायचं. दिसत नाही, असं स्पष्ट सांगून टाकलं. मग म्हणाल्या, पण ह्यांच्या बोटांना सगळं ठाऊक आहे. रोज दुपारी येऊन मी मजकूर वाचते, ते जुळवतील. मग प्रूफही मीच ताडून बघते. दादासारखा हात मालकालाही सोडवत नव्हता. तो कबूल झाला, पण एका जरी गिऱ्हाइकाची तक्रार आली तर दादाने घरी बसायचं, ह्या अटीवर.

झालं, बाई रोज दुपारी छापखान्यात. डाव्या हाताचं बोट हस्तलिखितावर, उजव्याचं प्रुफावर. कादंबरी आली की मध्येच मत देत, ह्या मुलीने ह्याच्याशी लग्न केलं तर पस्तावेल. दादा म्हणायचा, बाई, तुम्ही फक्त स्वल्पविराम सांगा.

महिन्याभराने एक निवृत्त प्राध्यापक पुस्तिका घेऊन आले. गृहस्थ असे, की चुकांवरून दोन छापखान्यांशी वैर धरलेलं. पुस्तिकेचा विषय, प्रार्थना हा आळशी माणसांचा उद्योग. दादा ओशाळला, दुसऱ्या कुणाला वाचायला बसवतो म्हणाला. बाई म्हणाल्या, वाचायचं कबूल केलंय, निवडून वाचायचं नाही. आणि बत्तीस पानं त्यांनी खणखणीत वाचली. दादाने जुळवली.

प्रूफ ताडताना अकराव्या पानावर त्या थांबल्या.

"भाऊ, सहा ओळी राहिल्यात. दोन परिच्छेद सारख्याच शब्दांनी सुरू होतात, माझी नजर घसरली."

दादाने विचारलं, काय आहे त्यांत? बाईंनी वाचून दाखवलं: लोकांसाठी जाहीर प्रार्थना करणारे देवाच्या आडून दुसऱ्याचं दुखणं चघळतात.

दादाचा हात खणातच राहिला. "मुद्दाम सोडल्यात?" त्याने विचारलं.

"नाही. पण आता गप्प बसले तर ते मुद्दामच होईल."

दादा म्हणाला, राहू द्या त्या ओळी, काय व्हायचं ते होईल. बाहेरच्या खोलीत मालक बसलेला, सकाळी प्राध्यापक यायचे; काय होणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

"त्यांचं लिहिलेलं त्यांचं," बाई म्हणाल्या. "तुम्ही खिळे उचला." आणि त्या सहा ओळी त्यांनी पुन्हा वाचल्या, सावकाश, एकेक शब्द. पुढच्या सगळ्या पानांच्या ओळी खाली सरकवाव्या लागल्या, तेही दादाने चाचपत केलं.

सकाळी प्राध्यापकांनी भिंग लावून बत्तीस पानं तपासली. एकही चूक सापडेना तेव्हा जरा हिरमुसले, आणि वाचलं कुणी म्हणून विचारलं. मालकाने बाईंना बोलावून घेतलं, आणि बाई चर्चला जाणाऱ्या हेही सांगितलं.

"तुम्हाला राग नाही आला?" प्राध्यापक.

"आला की. मध्ये दोनदा उठून पाणी प्यायले. पण अकराव्या पानावरचं खरं आहे तुमचं. मी तसं करून बसलेय."

प्राध्यापक वाद घालायच्या तयारीत असावेत. त्यांनी भिंग खिशात घातलं आणि पुढची पुस्तिकाही इथेच टाकीन म्हणाले.

मालकाने तक्रारीची अट त्याच दिवशी काढली. दादाला म्हणाला, मोतीबिंदू पिकला की डोळे करून या, तोवर तुमच्या खणांना कुणी हात लावणार नाही.

मी बाईंचं कौतुक करायला खाली गेलो. छान दोन वाक्यं मनात जुळवून नेली होती. बाई म्हणाल्या, कौतुक राहू दे, आधी ही बाही ताणून धर. तुझ्या भावापायी चौदा शर्ट तुंबलेत.

मी धरली.