सर्कस माढ्याला नेली

फिनेलचा वास आला की मला सोलापुरातल्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. माझी सात वर्षांची मुलगी डेंग्यूनं निपचित पडली होती. सकाळपासून तिनं डोळे उघडले नव्हते आणि मी तिची आवडती, सर्कशीवरची कादंबरी तिच्या कानाशी वाचत बसले होते. पुस्तक संपलं तसा माझा धीरच सुटला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "थांबू नगंस बाई, पोरगी ऐकाय लागलीया की." मग मी रडत रडत ती सर्कस मनानंच पुढे नेली, आधी टेंभुर्णीला, मग माढ्याला. दिवेलागणीला मुलगी पुटपुटली, "आई, हत्तीला पाणी दिलं का?" आता ती कॉलेजात जाते. त्या दुपारी मी किती घाबरले होते, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.